दगडफूल दिसलं म्हणजे हवा शुद्ध? आधी कुठलं ते तर बघा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण आर्क्टिकवर पानभर लेख छापलात त्याबद्दल आधी मनापासून आभार मानते. गोव्यातल्या माणसाला ध्रुवाकडची माहिती असायलाच हवी, 1981 च्या डिसेंबरात पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम आपल्या गोव्याहूनच निघाली होती, आज वास्कोला हेडलँड सड्यावर देशाची ध्रुवीय संशोधन संस्था आहे आणि 2008 पासून तिकडे नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंडला आपलं 'हिमाद्री' केंद्र चालू आहे. म्हणूनच त्या लेखातल्या काही गोष्टी वाचून मला गप्प बसवेना. रेनडिअर जे खातात त्याला लेखात सरसकट 'शेवाळ' म्हटलंय, चार वेगवेगळ्या फोटोंखाली 'रेनडिअर मॉस' एवढीच एक ओळ टाकलीय, आणि खालच्या चौकटीत 'तुमच्या परिसरातल्या झाडाच्या खोडावर दगडफूल दिसलं तर तिथली हवा शुद्ध समजा' असं ठोकून दिलंय. ही चौकट आमच्या वाड्यावरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन जणांनी फिरवली म्हणून हे पत्र, जरा लांब झालंय, माफ करा, पण कापायचं झालं तर शेवटचा भाग तेवढा ठेवा.

मी एकतीस वर्षं एका कॉलेजच्या बॉटनी लॅबमध्ये असिस्टंट म्हणून काम केलं, आता रिटायर आहे. शास्त्रज्ञ नाही, पण लेन्स हातातून सुटलेली नाही.

पहिलं म्हणजे ते शेवाळ नव्हे. इंग्रजी नावात मॉस आहे म्हणून आपल्याकडे शेवाळ झालं असेल, पण ते आहे लायकेन, पुस्तकी मराठीत शैवाक, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत दगडफूल. पावसात आपल्या जांभ्याच्या गडग्यावर जे हिरवंगार मखमलीसारखं चढतं ते शेवाळ वेगळं आणि त्याच चिऱ्यावर उन्हाळ्यातसुद्धा राखाडी पांढरे डाग चिकटलेले असतात ते वेगळं, त्या डागांतलं बरंचसं लायकेन. लायकेन म्हणजे एक वनस्पती नाहीच, बुरशी आणि शैवाल (म्हणजे इंग्रजीत अल्गी, वरचं मखमली शेवाळ नव्हे) यांचा एकत्र संसार आहे तो, बुरशी घर बांधते आणि शैवाल उन्हातून अन्न करतं. हे 1867 साली श्वेंडेनर नावाच्या स्विस माणसाने मांडलं तेव्हा त्या काळचे मोठमोठे लायकेनतज्ज्ञ त्याच्यावर तुटून पडले होते. आज कुणाला शंका नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी, लायकेनला जे शास्त्रीय नाव देतात ते नियमाप्रमाणे त्यातल्या बुरशीचं असतं, शैवालाला त्याचं स्वतःचं वेगळं नाव.

आता त्या चार फोटोंबद्दल. माझी लेक काही वर्षं फिनलंडला औलूमध्ये होती, तेव्हा मी तिच्याकडे दोन महिने राहून आले. तिथून फेरीबोटीने हायलुओतो नावाच्या बेटावर जाता यायचं, आपण दिवाडी बेटाला जातो ना तसंच गाड्या चढवून, फक्त पाणी हिवाळ्यात गोठणारं. सप्टेंबर होता. पाइनच्या झाडांखाली जमीन दिसतच नव्हती, सगळीकडे पांढरट पिवळसर गोळेच गोळे, कुणीतरी फ्लॉवरचे गड्डे रांगेने मांडून ठेवल्यासारखे. लेकीच्या ओळखीच्या एक बाई बरोबर होत्या, हर्बेरियममध्ये म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयात काम करणाऱ्या, त्यांनी मला खाली बसवलं आणि म्हणाल्या की आता सांगा इथे किती प्रकार आहेत. मी म्हटलं एक. त्यांनी हातभर जागेतून चार काढून दाखवले.

तो प्रसंग नीट सांगते, कारण सगळं त्यातच आहे. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं दिसणारं ते क्लॅडोनिया स्टेलॅरिस. त्याला मधला असा दांडा नसतोच, फांदी फुटते तिथे बारीक भोक असतं आणि त्या भोकाभोवती चांदणीसारख्या फांद्या, म्हणून स्टेलॅरिस. फिनिश लोक त्याला 'पाल्लेरो' म्हणजे गोळा असं लावून नाव देतात. त्याच्याच शेजारी करड्या रंगाचं, मधे स्पष्ट दांडा असलेलं आणि सगळी टोकं एकाच बाजूला वाकलेली, वाऱ्याने विंचरल्यासारखी, ते क्लॅडोनिया रँजिफेरिना. त्याचं फिनिश नाव करडं रेनडिअर-लायकेन अशाच अर्थाचं आहे. म्हणजे तिकडच्या साध्या भाषेतसुद्धा ही दोन वेगळी आहेत आणि आपण मराठीत दोघांनाही 'शेवाळ' म्हणून मोकळे. रंगातला फरकही उगाच नाही, स्टेलॅरिसमध्ये उस्निक आम्ल असतं त्याची ती पिवळसर झाक, रँजिफेरिनात ते नाही म्हणून ते करडं.

इथवर सोपं होतं, एकदा दाखवल्यावर मलाही ओळखता आलं. पण मग त्या बाईंनी ओलसर खळग्यातून दुसरं करडं उपटलं आणि पहिल्याच्या बाजूला ठेवलं. मला दोन्ही सारखीच दिसत होती. त्या म्हणाल्या उलटं करून बूड बघा. एकाचं बूड तपकिरी करडं होत कुजलेलं, आणि दुसऱ्याचं काळंभोर, त्या काळ्यावर पांढरे ठिपके उठून दिसत होते. हे काळ्या बुडाचं क्लॅडोनिया स्टायजिया, ग्रीक पुराणातली पाताळातली जी काळी नदी तिच्यावरून नाव. मग लेन्सखाली टोकं दाखवली, टोकाला बारीक काळपट कुप्या असतात त्यातला रस स्टायजियात लाल असतो आणि रँजिफेरिनात बिनरंगी. या दोघांत रसायनं मात्र तीच ती, थेंब टाकून काही कळत नाही, फक्त डोळ्यांनी आणि तेही बुडाशी बघूनच कळतं. वरून फोटो काढला तर कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. कितीतरी वर्षं स्टायजियाला रँजिफेरिनाच्याच पोटात ढकललेलं होतं, 1985 च्या सुमारास ते पुन्हा वेगळं काढलं. त्याआधी 1961 साली तेउव्हो आहती या फिनिश संशोधकाने रेनडिअर-लायकेनांवर मोठा ग्रंथ केला होता तरीसुद्धा. म्हणजे जन्म या कामात घातलेल्या लोकांच्याही नजरेतून हे सुटतं.

आणि चौथी गोष्ट याच्या बरोब्बर उलटी. पिवळसर रंगाची, झुडपासारखी, आर्बस्क्युला आणि मिटिस अशी दोन. ही दोन डोळ्यांना दिसायला एक, बूड बघा टोक बघा. फरक आहे तो पोटातल्या आम्लात. आर्बस्क्युलात एक कडू आम्ल असतं, मिटिसमध्ये नसतं, म्हणून तर त्याला मिटिस म्हणजे सौम्य म्हटलं, जुने लोक चावून बघायचे म्हणे. आता पीडी नावाचं द्रावण वापरतात, थेंब पडला की आर्बस्क्युला लाल होतं आणि मिटिस ढिम्म तसंच राहतं. हे पीडी म्हणजे केस काळे करायच्या डायमध्ये असतं तेच पॅराफेनिलिनडायमिन, विषारी आहे, घरी कुणी करू नका. त्या बाईंनीही बेटावर नाही, नंतर लॅबमध्ये वाफा ओढून घेणाऱ्या हुडखाली करून दाखवलं. आणि एवढं करूनही या दोघांना वेगळी जात म्हणायचं की एकाच जातीच्या दोन पोटजाती यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. मला ते फार आवडलं.

कुणी विचारेल की एवढा कीस काढून रेनडिअरला काय फरक पडतो. पडतो. स्टेलॅरिस हे उशिरा येणारं लायकेन आहे, आग लागून गेली किंवा जनावरांनी तुडवून चरून जमीन उघडी केली की आधी बाकीची येतात, मिटिस वगैरे, आणि स्टेलॅरिसचे असे दाट गालिचे व्हायला कित्येक दशकं जातात कारण ही सगळी वर्षाला जेमतेम 3 ते 5 मिलिमीटर वाढतात. म्हणजे कुठली जात किती आहे हे बघून त्या रानाचं वय आणि त्याच्यावरचा चराईचा ताण कळतो. सगळ्यांना 'मॉस' म्हटलं की ही माहितीच गेली. आणि 1986 ला चेर्नोबिल झालं तेव्हा वाऱ्याबरोबर आलेलं किरणोत्सारी सीझियम याच लायकेनांनी शोषून घेतलं, त्यांना मुळं नसतात, जे येतं ते हवेतून आणि पावसातून, मग ते खाणाऱ्या रेनडिअरच्या मांसात उतरलं आणि नॉर्वे-स्वीडनमधल्या रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांना कितीतरी मांस फेकून द्यावं लागलं. तिकडच्या लोकांचं पोट आहे त्याच्यावर, आपल्याकडे भातशेती आहे तसं.

इथे औलूच्याच एका माणसाचं नाव घेतलं पाहिजे. विल्यम नायलँडर, जन्म 1822, औलूतच. 1866 साली त्याने दोन कामं केली. एक म्हणजे लायकेनवर कॉस्टिक पोटॅशचा आणि ब्लीचिंगच्या पाण्याचा थेंब टाकून रंग बघायची पद्धत, जी आजही जगभर वापरतात, के टेस्ट आणि सी टेस्ट म्हणून. पीडीची भर नंतर 1934 ला जपानच्या आसाहिनांनी घातली. आणि दुसरं काम म्हणजे पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या झाडांवरच्या लायकेनांची यादी, त्याच्या लक्षात आलं की शहरात इतर ठिकाणी ही गायब आहेत आणि बागेत टिकून आहेत, म्हणजे लायकेन हवेचा अंदाज देतात. आपल्या चौकटीतल्या त्या वाक्याचं मूळ कुठेतरी तिथे आहे. पण नायलँडरने 'लायकेन आहे' एवढंच लिहून ठेवलं नव्हतं, कुठली कुठली आहेत त्यांची नावं लिहून ठेवली होती. सगळा फरक त्यात आहे. खरं तर हाच नायलँडर श्वेंडेनरच्या बुरशी-शैवाल सिद्धांताचा कट्टर विरोधक होता आणि त्या बाबतीत तो साफ चुकला, पण त्याने नोंदी नीट ठेवल्या म्हणून त्याचं काम दीडशे वर्षांनीही उपयोगी पडतं.

कारण काही लायकेनं घाण हवेतच सुखाने राहतात. इंग्लंडमध्ये कोळशाचा धूर होता तेव्हा शहरातल्या झाडांवर लेकॅनोरा कोनिझिऑइडिस नावाचं एक करडं हिरवट लायकेन माजलं होतं, त्याला तो गंधकाचा धूर मानवायचा, आणि हवा स्वच्छ झाली तसं तेच नाहीसं व्हायला लागलं. म्हणजे तिथे आपली चौकट वाचून कुणी निष्कर्ष काढला असता तर बरोब्बर उलटा निघाला असता! झँथोरिया परिएटिना म्हणून नारिंगी पिवळं आहे, ते गुराढोरांच्या गोठ्यांजवळ, खताच्या अमोनियाजवळ जास्त येतं. उलट झाडावरून दाढीसारखी लोंबणारी उस्निया आणि ब्रायोरिया हवा बिघडली की आधी जातात.

आता गोव्यात या. आमच्या पोरसातल्या माडावर छातीच्या उंचीला दोन चकत्या आहेत, दोन्ही करड्या, दोन्ही खोडाला गच्च चिकटलेल्या, कडेला झालर, कुणीही म्हणेल एकच. मी बहिणीच्या नातीला बोलावलं, ती नववीत आहे, आणि रात्री दिवे बंद करून नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारला. एक चकती लख्ख पिवळी चमकली, दुसरी अंधारातच राहिली. पोरगी ओरडलीच. चमकणारी ती पायक्सिन कोकोस, नावातच कोको म्हणजे नारळ आहे, तिच्यात लायकेझँथोन नावाचं द्रव्य असतं ते यूव्हीत पिवळं दिसतं. दुसरी डिरिनारिया. सकाळी खात्री करायला कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला, डिरिनारिया पिवळी झाली, पायक्सिनला काही झालं नाही. मग सुरीच्या टोकाने कडा उचलून लेन्सने खालची बाजू बघितली, पायक्सिनला मुळांसारखे दिसणारे काळे केस असतात, डिरिनारियाला नसतात. तीन पुरावे जुळले तेव्हा मी तिला नाव लिहू दिलं. आणि ही पायक्सिन कोकोस कशी, तर चिवट, लखनौसारख्या गर्दीच्या शहरात रस्त्याकडेच्या झाडांवरसुद्धा तग धरते, तिथल्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या लोकांनी हवेतले धातू मोजायला तिचाच वापर केलाय. तेव्हा आमच्या माडावर पायक्सिन आहे म्हणून आमची हवा शुद्ध आहे असं मी छातीठोकपणे नाही म्हणू शकत. ज्यांच्या दारावरून वर्षानुवर्षं खनिजाचे ट्रक गेले त्या डिचोली-सांगेच्या लोकांना कुणी ही चौकट दाखवून 'बघा तुमच्या आंब्यावर दगडफूल आहे, काळजी नको' म्हटलं तर ते किती चुकीचं होईल याचा विचार करा.

या नातीचीच गोष्ट सांगायचीय. तिने विज्ञान प्रदर्शनासाठी मसाल्याचं दगडफूल घेतलं. शागोतीच्या मसाल्याला आपण घालतो तेच, फोंड्याच्या बाजारातून शंभर ग्रॅमचं पाकीट आणलं आणि वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस निवडत बसली. तिचे दोन ढीग झाले. एका ढिगातल्या पापुद्र्यांच्या कडांना काळे बारीक केस आणि कडेलाच पिठासारखी भुकटी, ते पार्मोट्रेमा पर्लॅटम. दुसऱ्यात केस नाहीत, पण पापुद्र्यावर बोटांसारखे इवलेसे कोंब, ते पार्मोट्रेमा टिंक्टोरम. भुकटी काय आणि कोंब काय, दोन्ही पिल्लं पसरवायच्या युक्त्या, त्यात बुरशी आणि शैवाल दोघं मिळून उडून जातात म्हणजे नव्या जागी संसार लगेच सुरू. मग तिने वरचा करडा थर ब्लेडने खरवडून आतल्या पांढऱ्यावर कपडे धुवायच्या ब्लीचचा थेंब टाकला, टिंक्टोरमचं पांढरं गुलाबी लाल झालं, पर्लॅटमचं नाही. वाळलेलं, पाकिटात किती महिने पडलेलं, तरीही ते आम्ल जागेवर होतं. तिने तो रंग उडायच्या आत मोबाइलवर फोटो काढून ठेवले.

प्रदर्शनात तपासायला आलेल्या एका सरांनी बघितलं आणि म्हणाले, दोन्ही मसाल्याचंच दगडफूल आहे ना, मग एकच, उगाच गुंतागुंत कशाला केलीस. पुढच्या टेबलाकडे गेले. कुठली शाळा, कुठलं प्रदर्शन हे मी लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता, घाईत होता. पण पोरगी घरी आली आणि मला विचारलं, आजी मग मी चुकले का.

तिला मी जे सांगितलं तेच आपल्या वाचकांना सांगते. दिसायला एक म्हणून एक, हे खरं नाही. आणि दिसायला वेगळं म्हणून वेगळं हेही खरं नाही, याचं उदाहरणसुद्धा उत्तरेकडचंच आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला पाइनच्या जंगलात ब्रायोरिया फ्रेमोंटी म्हणून तपकिरी केसांच्या जटेसारखं लायकेन लोंबतं, तिथले मूळ रहिवासी ते जमिनीतल्या भट्टीत शिजवून खायचे. त्याच्याच जवळ ब्रायोरिया टॉर्टुओसा, हे पिवळसर, यात व्हल्पिनिक नावाचं विषारी आम्ल. एक खाण्याचं, एक विषारी, रंग वेगळा, नाव वेगळं, सगळं वेगळं. आणि जनुकं तपासली तर बुरशी तीच आणि शैवालही तेच! शास्त्रज्ञ चक्रावले. 2016 साली टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं की सालीत आणखी एक दुसरी बुरशी आहे, म्हणजे संसारात तिसरा भागीदार, यीस्टच्या जातीची, आणि पिवळ्या विषारी लायकेनमध्ये ती खूप जास्त असते. दीडशे वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली बघूनही ती कुणाला दिसली नव्हती.

तेव्हा डोळे हवेत, थेंब हवा, सूक्ष्मदर्शक हवा, आता डीएनए पण हवा, आणि यातलं कुठलंही एकटं पुरत नाही. रँजिफेरिना-स्टायजियाला थेंब आंधळा, आर्बस्क्युला-मिटिसला डोळा आंधळा, ब्रायोरियात नुसत्या डीएनएवर विसंबलात तर विषारी आणि खाण्याचं यातला फरकच पुसला जाईल. डीएनएमुळे एकाची कितीतरी झाल्याची उदाहरणंही आहेत, दक्षिण अमेरिकेतलं एकच जात समजलं गेलेलं एक लायकेन 2014 ला निदान 126 जातींचं निघालं. म्हणून मी त्या पोरीला सांगितलं की तू चुकली नाहीस, तुझ्याकडे पुरावा होता, सरांकडे नव्हता, पण उद्या कुणी जास्त चांगला पुरावा आणला तर नाव बदलायची तयारीही ठेव.

हे फक्त नावांचे लाड नाहीत, याची आणखी एक साक्ष देऊन थांबते. हिमनदी मागे हटली की उघड्या पडलेल्या दगडावर ऱ्हायझोकार्पॉन जिओग्राफिकम नावाचं लिंबाच्या रंगाचं लायकेन येतं, काळ्या रेघांनी नकाशासारखं दिसतं, आणि ते इतकं सावकाश वाढतं की त्याच्या चकतीचा व्यास मोजून दगड कधी उघडा पडला ते काढता येतं. ऑस्ट्रियाच्या रोलँड बेशेलने 1950 च्या सुमारास ही पद्धत बसवली. पण त्याच्या बाजूलाच ऱ्हायझोकार्पॉन अल्पिकोला असतं, तसंच पिवळं, तसंच काळ्या रेघांचं, आणि त्याची वाढ वेगळी. दगडावर उभं राहून फरक कळणं कठीण. आतल्या पांढऱ्यावर आयोडीन टाकलं तर जिओग्राफिकम निळं होतं, अल्पिकोला होत नाही. ज्याने हा थेंब टाकला नाही त्याचा बर्फ वितळण्याचा हिशोब वर्षानुवर्षांनी चुकू शकतो, आणि आपण हवामानबदलावर बोलताना तेच आकडे वापरायचे.

संपादक महोदय, माझी मागणी फार मोठी नाही. एक तर त्या चौकटीबद्दल येत्या रविवारी छोटीशी दुरुस्ती छापा, 'लायकेन कुठलं आहे हे कळल्याशिवाय हवेबद्दल काही ठरवू नये' एवढी ओळ पुरे. आणि रेनडिअर मॉसला शेवाळ लिहू नका, लायकेन लिहा, दगडफूल लिहा, लोकांना कळतं. दुसरं, ज्या शिक्षकांना प्रदर्शनं तपासायला बोलावतात त्यांना या पत्रातून हात जोडून विनंती की पोरांना 'हे एकच आहे' असं सांगण्याआधी 'कशावरून वेगळं म्हणतेस' एवढं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या, दोन मिनिटं लागतात.

आणि एक गोष्ट मला स्वतःला खाते ती लिहिते. आमच्या लॅबमध्ये दरवर्षी पोरांना दाखवायला लायकेन यायचं, कधी कुळागरातून, कधी घाटातून, आणि मी स्वतः बाटल्यांवर लेबलं लावायचे, 'लायकेन' एवढंच. गाव नाही, झाड नाही, तारीख नाही. 2012 ला खाणी बंद झाल्या त्याच्या आधीच्या कितीतरी बाटल्या असतील त्यात, नीट लेबल असतं तर आज त्या झाडांवर जाऊन तुलना करता आली असती. पॅरिसची 1866 ची यादी आहे आणि आमच्या बाटल्या मुक्या आहेत. सांगणारं कुणी नव्हतं हे खरं, पण विचारलंही नाही मी.

आता नात लेबलं लिहिते. तिच्या वहीत काल चिकटवलेलं एक इथे उतरवून देते, तिला विचारून, फक्त गावाचं नाव गाळलंय: 'पायक्सिन कोकोस. माडाच्या खोडावर, जमिनीपासून सव्वा मीटर, पूर्वेकडची बाजू, रस्त्यापासून चाळीस पावलं. यूव्ही पिवळं. के काही नाही. खाली काळे केस आहेत. शेजारच्या तिसऱ्या चकतीचं नक्की नाही, पाऊस गेल्यावर पुन्हा बघायचं.'

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब असिस्टंट
फोंडा तालुका, गोवा